सिल्यान तळ्याकाठी, फिडलवाल्यांच्या मुलखात

स्वीडनहून परतल्यावर भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. थंडी किती होती? हलाल मिळतं का? आणि रात्रच होत नसेल तर इशाची नमाज कधी पढायची? या प्रश्नांची उत्तरं ओघात येतीलच. पण आम्हाला सांगायचं आहे ते वेगळंच. त्या देशाच्या मध्यभागी दालार्ना नावाचा प्रांत आहे. तिथल्या खेड्यापाड्यांत शेतकरी, लोहार, सुतार अशी साधी माणसं तीनशेहून अधिक वर्षं व्हायोलिन वाजवत आली आहेत. शाळा नाही, कागद नाही, बापाचं पाहून पोराने उचललेली विद्या. ती ऐकायला आजही दर उन्हाळ्यात हजारो माणसं जंगलातल्या वाड्या-वस्त्यांवर जमतात.

आमचा मुलगा दालार्नातल्या बोर्लेंगे या गावी नोकरीला आहे. त्याच्याकडे आम्ही दोघं जून-जुलैचे पाच आठवडे राहून आलो. बोर्लेंगे पोलादाचं, आणि पूर्वी कागदाचंही गाव. दिसायला काही विशेष नाही, पण इथे सोमाली मुसलमानांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या तरुणांनी २०१३ मध्ये बँडी नावाच्या, बर्फावर खेळायच्या खेळाचा सोमालियाचा राष्ट्रीय संघ उभा केला आणि पुढच्याच वर्षी तो सैबेरियात जागतिक स्पर्धेला जाऊन आला. पूर्वी कधी स्केटिंग न केलेली पोरं! हरले सगळे सामने, पण गावाने त्यांना डोक्यावर घेतलं. हलाल मटण आणि गरम सांबुसा याच लोकांच्या दुकानांतून मिळे, म्हणून आमची खाण्याची चिंता पहिल्याच दिवशी मिटली. बाहेर पडलो की मासे, बटाटे आणि दालचिनी घातलेले गोड पाव. उपाशी राहायची वेळ आली नाही.

बोर्लेंगेहून गाडीने उत्तरेला निघालं की तासाभरात सिल्यान तळं लागतं. तळं म्हणायचं, पण दुसरा काठ धूसर दिसावा इतकं मोठं. सुमारे अडतीस कोटी वर्षांपूर्वी इथे आकाशातून एक प्रचंड उल्का कोसळली. तिच्या आघाताने जमिनीत जे वर्तुळ उमटलं त्याच्या कडेला आज हे पाणी साचलेलं आहे. युरोपातल्या अशा विवरांत हे सर्वांत मोठं. काठाने लेक्सांड, रेटविक, मोरा ही गावं. लाल रंगाची लाकडी घरं, पांढऱ्या चौकटीच्या खिडक्या, मागे पाइनचं जंगल. हा लाल रंगही इथलाच, फालूनच्या जुन्या तांब्याच्या खाणीतल्या मातीपासून होतो.

फिडलच्या नादी आम्ही लागलो ते नातीमुळे. ती अकरा वर्षांची आहे. स्वीडनमध्ये नगरपालिका मुलांसाठी कलाशाळा चालवतात आणि तिथे माफक फीमध्ये वाद्य शिकता येतं. नातीने व्हायोलिन निवडलं. तिच्या शिक्षिका पुस्तक उघडत नाहीत. त्या एक तुकडा वाजवतात, मूल तो परत वाजवतं. चुकलं तर काही न बोलता पुन्हा वाजवतात. आम्हाला लहानपणचा मकतब आठवला. मौलवीसाहेब म्हणत, आम्ही मागून म्हणत असू आणि सबक पाठ झाल्याशिवाय पुढचा मिळत नसे.

घरात मात्र या व्हायोलिनवरून कुरबूर होती. गावी थोरल्या भाईंचा दर जुम्म्याला व्हिडिओ कॉल येतो. त्या वेळी सून व्हायोलिनची पेटी उचलून कपाटावर ठेवून देते. पहिल्या आठवड्यात ती राहून गेली आणि भाईंच्या नजरेला पडलीच. “हे काय आहे? पोरीचा नाजरा खत्म झाला का?” मुलगा म्हणाला, “बडे अब्बा, तो गेल्याच वर्षी झाला.” “मग आता हे कशाला? आपल्यात कुणी तारा छेडल्यात का कधी?” मुलगा गप्प बसला. संगीताबाबत आपल्या उलेमांमध्ये एकमत नाही, हे वाचकांना ठाऊक आहे. काहींना दफशिवाय कोणतंच वाद्य मान्य नाही, तर काहींनी गाण्याचा आशय आणि मैफलीचा रंग पाहून निवाडा केला आहे. इथे आम्ही फतवा द्यायला बसलेलो नाही, तेवढी आमची पात्रताही नाही. घरात काय चाललं होतं ते सांगितलं, कारण पुढे जे पाहिलं ते या पेटीकडे बघत बघतच पाहिलं.

जूनच्या अखेरीस शुक्रवारी मिडसमर, म्हणजे मध्यउन्हाळ्याचा सण येतो. लेक्सांडला गावाजवळच्या एका मोठ्या खोलगट मैदानात वीस हजारांवर माणसं जमतात. पानाफुलांनी मढवलेला अवाढव्य खांब पुरुष मंडळी बल्ल्यांच्या आधाराने इंचाइंचाने उभा करतात. सणात दारूही वाहते, म्हणून आम्ही खांब उभा राहताच निघालो. पण त्याआधी जी मिरवणूक आली ती डोळ्यांसमोरून जात नाही. तीस-चाळीस जण खांद्याला व्हायोलिन लावून चालत येत होते. सत्तरीचे म्हातारे, शाळकरी मुली, पिवळ्या चामड्याच्या विजारी घातलेले बाप्ये. सगळे एकच चाल वाजवत होते, पुढे कुणी मुख्य नाही, हातवारे करणारा कुणी नाही. चालता चालता वाजवायच्या अशा चालींना ते गोंगलोत म्हणतात, आपल्या वरातीच्या बँडची चाल असावी तशा. पण बँडचा धडाका नाही. इतकी व्हायोलिनं एका सुरात लागली की आवाज मोठा होण्याऐवजी रुंद होतो.

या वादकांना तिथे स्पेलमान म्हणतात. वाद्य तेच, जे आपल्याकडे सिनेमाच्या वाद्यवृंदात दिसतं. फरक वाजवण्यात आहे. जुने स्पेलमान ते हनुवटीखाली दाबून न धरता छातीजवळ सैल टेकवत. चाल एका तारेवर चालते आणि गज शेजारच्या मोकळ्या तारेलाही घासत राहतो, त्यामुळे खालून तानपुऱ्यासारखा एक अखंड सूर मिळतो. काही चालींसाठी तर तारा वेगळ्याच लावतात, म्हणजे मोकळ्या तारांचा झंकार आणखी वाढतो. जुन्या चालींत काही सूर असे लागतात की पियानोवर शोधले तर दोन पट्ट्यांच्या मधे हरवतील. कोमल म्हणावा तर नाही, शुद्ध म्हणावा तरी नाही. शहरातल्या शिकलेल्या लोकांना ते पूर्वी बेसूर वाटे. आपल्याकडे ज्यांच्या कानावर सारंगी पडली आहे त्यांना तसं वाटायचं कारण नाही.

सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे पोल्स्का. नावाचा अर्थ पोलंडचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस काही वर्षं स्वीडन आणि पोलंड यांचा राजा एकच होता. त्या काळाच्या आसपास हा नाच इकडे आला आणि खेड्यांत मुरला. तीन मात्रांचा ठेका, पण तो दादऱ्यासारखा मोजायला जाल तर फसाल. मात्रा सारख्या लांबीच्या नसतातच. एखाद्या गावात पहिली आखूड, दहा कोसांवर दुसऱ्या गावात वेगळीच ओढ. पाय पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर आपटतो, मधली हवेत राहते. नातीने आम्हाला हात धरून शिकवायचा प्रयत्न केला. बेगमसाहेबांना दोन दिवसांत जमलं, त्या जात्यावर बसून वाढलेल्या. दुसऱ्या सदस्याबद्दल न बोललेलं बरं.

पण आमचं मन जिंकलं ते एका रीतीने. स्पेलमान चाल सुरू करण्याआधी ती कुणाकडून आली ते सांगतो. चालींना बहुधा वेगळं नावच नसतं. ‘अमक्या गावच्या अमक्याकडून आलेली पोल्स्का’ हेच तिचं नाव. मी हिच्याकडून शिकलो, ती तिच्या आजोबांकडून, ते त्या गावच्या फलाण्या लोहाराकडून. सिलसिला सांगितल्याशिवाय गज तारेला लागत नाही. हदीसची सनद ही फार वरची चीज, तिची बरोबरी कशाशी करायची नाही. पण ‘कुणाकडून ऐकलं’ हे आधी सांगण्याची इमानदारी ज्या समाजाच्या अंगवळणी पडली आहे, त्याला या माणसांचं बोलणं परकं वाटत नाही. आपल्या घराण्यांचे उस्तादही कानाची पाळी पकडून गुरूचं नाव घेतात, तेच हे.

ही विद्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जवळपास गेलीच होती. अकॉर्डियन आलं, एकट्याने अख्ख्या लग्नाचा आवाज काढणारं. शहरी नाच आले. म्हाताऱ्या स्पेलमानांकडे कुणी फिरकेना. त्या वेळी धावून आला एक चित्रकार. आंदेर्स सोर्न हा मोरा गावचा, १८६० मध्ये जन्मलेला, शेतकरी आजी-आजोबांकडे वाढलेला. पुढे इतका नावाजला की अमेरिकेच्या तीन राष्ट्राध्यक्षांच्या प्रतिमा त्याने काढल्या. जगभर पैसा कमावून तो आपल्या गावी परतला. १९०६ मध्ये त्याने सिल्यानकाठच्या गेसुंदा इथे खेडुतांच्या वादनाची स्पर्धा भरवली. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सेन उद्यानात देशभरच्या स्पेलमानांचा मेळावा झाला. तिथे मात्र स्पर्धा ठेवली नाही, कुणी जिंकायचं नाही, कुणी हरायचं नाही. सोर्नने स्वतः चितारलेला बिल्ला सर्वांच्या छातीवर लागला. आजही परीक्षकांपुढे वाजवून हा बिल्ला मिळवावा लागतो, आणि चांदीचा मिळाला की ‘रिक्सस्पेलमान’ म्हणवून घेता येतं. लेक्सांडच्या मिरवणुकीत तो आम्हाला कितीतरी छात्यांवर दिसला.

दुसरा माणूस निल्स आंदेर्सोन. कायदा शिकलेला, दक्षिणेतल्या लुंड शहरातला अधिकारी. हा सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरून म्हाताऱ्यांपुढे बसे आणि ते वाजवतील ते स्वरलिपीत उतरवून घेई. १९२१ मध्ये तो वारला. पहिला खंड निघाला पुढच्या वर्षी, दालार्नाचाच. बाकीचं काम त्याच्या सहकाऱ्याने, उलोफ आंदेर्सोनने, १९४० पर्यंत पूर्ण केलं. चोवीस खंड, सुमारे आठ हजार चाली, आणि प्रत्येकीखाली वाजवणाऱ्याचं नाव-गाव. पुढे १९६४ मध्ये यान योहान्सोन नावाच्या पियानोवादकाने याच खंडांतल्या चाली घेऊन एक तबकडी काढली, ती स्वीडनमध्ये घरोघरी पोचली. आमच्या मुलाच्या शेजारणीकडेही होती.

आता त्या कपाटावरच्या पेटीकडे वळतो. आम्हाला वाटत होतं, वाद्याचं वावडं ही आपल्याच घरांतली गोष्ट. तसं नव्हतं. स्वीडनच्या खेड्यांत फिडलभोवती भीतीच्या कितीतरी कथा आहेत. धबधब्याखाली नेकेन नावाचा जलपिशाच राहतो, तो फिडल शिकवतो आणि बदल्यात माणूस मागतो. दालार्नाच्या शेजारच्या प्रांतात होर्गा गाव आहे. तिथे शनिवारी रात्री पोरंपोरी नाचत होती. एक काळ्या टोपीवाला अनोळखी इसम आला आणि असं काही वाजवू लागला की पाय थांबेनात. एका मुलीला त्याच्या बुटाच्या जागी खूर दिसला, पण तोवर उशीर झाला होता. सगळे त्याच्या मागे डोंगरावर गेले आणि हाडं उरेपर्यंत नाचत राहिले. गंमत म्हणजे ती ‘सैतानाची चाल’ आज मैफलींत आवडीने वाजते.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या ख्रिस्ती समाजात धर्मजागृतीची मोठी लाट आली. दारू सोडा, नाच सोडा, फिडल सोडा. लोकांनी फिडलं फोडली, चुलीत घातली. येम्तलांद प्रांतातला लाप-निल्स हा त्या काळचा सर्वांत नामांकित स्पेलमान, १८७० मध्ये वारला. उतारवयात त्यानेही दीनदार होऊन फिडल खाली ठेवलं. त्याच्या चाली उरल्या त्या दुसऱ्यांच्या बोटांत. हे एकताना आम्ही त्या प्रचारकांना हसलो नाही. लग्नाच्या तीन-तीन दिवसांच्या दारूने घरं बुडत होती, बायका-मुलं भोगत होती. त्यांचा राग खोटा नव्हता. मात्र बाटली आणि फिडल एकाच गाठोड्यात बांधून टाकलं गेलं, आणि बाटली काही गेली नाही. हे आमचं मत आहे. मुलाने भाईंना ते फोनवर सांगितलं तेव्हा भाई म्हणाले, “ते त्यांचं झालं.” तेही खरं.

जुलैच्या पहिल्या बुधवारी आम्ही बिंग्शोला गेलो. रेटविकच्या पूर्वेला घनदाट जंगलात ही वस्ती आहे. काही शतकांपूर्वी फिनलंडहून आलेल्या, झाडं जाळून शेती करणाऱ्या लोकांनी वसवलेली. घरं मोजकीच, पण फिडलच्या दुनियेत या गावाचा दबदबा मोठा. पेक्कोस पेर, योर्ट आंदेर्स, पेक्कोस गुस्ताफ हे सगळे इथले. दालार्नात घराण्याच्या वाड्याचं नाव आधी आणि माणसाचं नंतर लावतात. ‘पेक्कोस’ हा वाडा, आणि त्याच्याच अंगणात १९६९ पासून हा मेळावा भरत आला आहे.

व्यासपीठ आहे, पण खरी मजा व्यासपीठावर नाही. कोठाराच्या मागे, झाडाखाली, उभ्या मोटारींच्या मधे, जिथे जागा मिळेल तिथे तीन-चार माणसं गोल करून वाजवत असतात. त्यांची आधीची ओळख असतेच असं नाही. एकाने चाल सुरू करायची, दुसऱ्याला येत असली तर सामील व्हायचं, नसेल येत तर तो शेजारी उभा राहून गज तारेवर हलकेच टेकवत उचलत जातो. पंधरा वर्षांचा मुलगा आणि ऐंशीचे आजोबा एकमेकांच्या बोटांकडे बघत एक तास वाजवत होते, मधे बोलले काय ते ‘ही कुणाकडून?’ एवढंच. डास इतके की पहिल्या दहा मिनिटांत पळून जावंसं वाटलं. हाफ बाह्यांनी येऊ नये, ही सूचना.

तिथेच एका बाईंकडे आम्ही निकेलहार्पा पाहिली. व्हायोलिनची थोराड बहीण म्हणा. पट्ट्याने गळ्यात अडकवायची. आखूड गजाने वाजवायची, आणि डाव्या हाताने तारा न दाबता लाकडी कळा दाबायच्या. उपलांद प्रांताची ही खासियत, तिथल्या टोबू गावच्या एरिक साल्स्त्रोम यांनी गेल्या शतकात तिला पुन्हा मान मिळवून दिला. आमचं लक्ष गेलं ते तारांकडे. सोळांपैकी चारच गजाला लागत होत्या. खालच्या बारा नुसत्या गुंजत होत्या. आमचं बेगमचं माहेर मिरजेचं, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. त्या एकदम म्हणाल्या, “या तर तरफा!” मिरजेत दीडशेहून अधिक वर्षं मुसलमान कारागीर घराणी सतारीला अशाच तरफा जोडत आली आहेत. उरुसाला मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ गात, त्या गावची ही लेक. नातीने दुभाष्याचं काम केलं. त्या बाईंनी हार्पा बेगमच्या मांडीवर ठेवली आणि आपण गज ओढला. लाकूड थरथरलं तसा यांचा हात पटकन मागे आला आणि मग पुन्हा पुढे गेला.

बाईंनी विचारलं, तुमच्याकडे लग्नात काय वाजतं? आम्ही सांगितलं, आता डीजे. पूर्वी बायका हळदीला ढोलक घेऊन दखनी गाणी म्हणत. कुणाची गाणी? आमच्या अम्मींना येतात, त्यांच्या अम्मीकडून आलेली. किती? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणी कधी मोजलीच नव्हती. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. नातीनेच विचारलं, “दादी, तुला त्यातलं एक तरी पूर्ण येतं?”

रात्री साडेदहाच्या सुमारास सूर्य गेला, पण अंधार आला नाही. इतक्या उत्तरेला उन्हाळ्यात इशा आणि फजर यांच्यात फारसं अंतरच उरत नाही. अशा मुलखासाठी उलेमांनी अंदाजाचे मार्ग सांगितले आहेत, आम्ही तिथल्या मुस्लिम बांधवांचं वेळापत्रक पाळलं. पहाटे तीनच्या आधी गवतावर चादर पसरून मुलाने आग्नेयेला तोंड करून इमामत केली. तिथून किबला त्या दिशेला येतो. कोठारामागची फिडलं आम्ही उभे राहिलो तसं थांबली. कुणी सांगितलं होतं की कसं, कळलं नाही. सलाम फिरवल्यावर थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. नात तोवर पेटी उशाला घेऊन गाडीत झोपून गेली होती.

परत आल्यापासून बेगम रोज असरनंतर अम्मींजवळ वही घेऊन बसतात. अम्मी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. फोनवर आवाज धरायला त्यांनी साफ नकार दिला, गैरमर्दांच्या कानावर जाईल म्हणून. वहीत लिहायला हरकत नाही म्हणाल्या. प्रत्येक गाण्याखाली ते कुणाकडून आलं ते लिहायचं, ही अट नातीने स्वीडनहून घातली आहे. भाईंना हे कळलं आहे. त्यांनी काही म्हटलं नाही, पण परवा येऊन त्यांच्या निकाहाच्या वेळचं एक गाणं वहीत आहे का ते विचारून गेले. आजवर नऊ गाणी झाली. दहाव्याची दुसरी ओळ अम्मींना आठवत नाही, सोलापूरच्या खालांना विचारायची आहे.